मोठ्या चाकांचा मोह

डिसेंबर २०२३ च्या ३ आणि ४ तारखेला मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई शहर पाण्याखाली गेले. वेलाचेरी, पळ्ळिकरणै, मुडिचूर या भागांत रस्ते कुठले आणि तलाव कुठला, हे ओळखू येईना. अशा वेळी वेलाचेरीतल्या एका मराठी घरात सूनबाईंचे दिवस भरलेले होते. चिरंजीवांनी आपली छोटी गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशीच ती पाण्यात बंद पडली. शेवटी कोळ्यांच्या नावेतून सूनबाई मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथून रिक्षाने दवाखान्यात पोहोचल्या. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण त्या रात्रीची धास्ती काही चिरंजीवांच्या मनातून गेली नाही.

वर्षभरात त्यांनी छोटी गाडी विकून फोर व्हील ड्राइव्हची थार घेतली. एवढ्यावर भागले असते, तर प्रश्न नव्हता. पण कंपनीतल्या मित्रांच्या गाड्यांना भलीमोठी, खरबरीत नक्षीची टायरे होती. माउंट रोडजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर गाडीच्या सजावटीची आणि टायरची दुकाने ओळीने आहेत. तिथल्या दुकानदाराने सांगितले, "सार, २८५ घाला. पाणी असो, चिखल असो, गाडी थांबणार नाही." पाच टायरे आणि पाच नव्या रिम्स धरून हिशेब लाखाच्या पुढे गेला. चिरंजीव आगाऊ रक्कम देण्याच्या तयारीनेच घरी आले.

घरात बाबा होते. पेरंबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून निवृत्त झालेले. सारी हयात चाकांबरोबर गेलेली. त्यांनी आगाऊ रकमेला नाही म्हटले नाही. फक्त म्हणाले, "अरे, आधी कागद आणि पेन्सिल घे. टायरच्या अंगावर सगळे लिहिलेले असते. ते वाचू, मग पैसे देऊ."

अंगावरची अक्षरे

गाडी घेताना आपण रंग पाहतो, सीटचे कापड पाहतो, ॲव्हरेज विचारतो. टायरवरचे आकडे मात्र फारसे कुणी वाचत नाही. वास्तविक ते वाचायला अगदी सोपे आहेत.

थारच्या वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ हा टायर येतो. यातला २५५ हा आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरची बाजूची भिंत त्या रुंदीच्या ६५ टक्के उंच आहे. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात, म्हणून माणूस गोंधळतो इतकेच.

आता हिशेब करावा. २५५ चे ६५ टक्के म्हणजे जवळजवळ १६६ मिलिमीटर. ही भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, साधारण ३३१ मिलिमीटर. रिमचे १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. बेरीज केली की चाकाची एकूण उंची आली ७८९ मिलिमीटर.

दुकानदाराने सुचवलेला टायर होता २८५/७० आर १७. त्याचीही अशीच बेरीज केली, तर ती ८३१ मिलिमीटर येते. म्हणजे चाक ४२ मिलिमीटरनी उंच झाले. पण गाडी उंच होते ती फक्त निम्म्याने, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धा भाग आसाच्या वर असतो आणि अर्धा खाली. थोडक्यात, लाखभर रुपये खर्चून जमिनीपासूनची उंची वाढली ती जेमतेम दोन सेंटिमीटर.

बाबांनी हा आकडा अधोरेखित केला आणि विचारले, "त्या रात्री आपल्या गल्लीत पाणी किती होते?"

"कमरेएवढे," चिरंजीव म्हणाले.

"मग दोन सेंटिमीटरने काय झाले असते?"

पाणी आणि चाक

पाण्यातून गाडी जाते की बंद पडते, हे ठरते इंजिन हवा कुठून ओढते त्यावर. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी पाणी पोहोचले, की ते इंजिनात जाते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. थारला कारखान्याने पाण्यातून जाण्याची मर्यादा दिली आहे ६५० मिलिमीटरची, आणि तीही संथ पाण्यात, संथ वेगाने. मोठ्या चाकाने त्यात दोन सेंटिमीटरची भर पडली, तरी कमरेएवढ्या पाण्यात जाण्याचा परवाना मिळत नाही.

उलट एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. रुंद टायर म्हणजे हवा भरलेली मोठी नळीच. खोल पाण्यात ती गाडीला उचलून धरायला मदत करते. गाडीचा भार रस्त्यावर टेकेनासा झाला, की स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी. वाहते पाणी दोन फुटांचे असले, तरी चांगली दणकट गाडी वाहून नेऊ शकते. पुराच्या भीतीने घेतलेली मोठी चाके पुरातच उपयोगी पडत नाहीत, ती अशी.

वाढलेल्या व्यासाचा जमाखर्च

मग मोठ्या चाकाचा तोटा काय? चाकाचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला, की पुष्कळ गोष्टी ५ टक्क्यांनी बदलतात.

पहिली गोष्ट वेगाची. गाडी वेग मोजते ती चाकाच्या फेऱ्यांवरून. चाक मोठे झाले तरी गाडीला ते ठाऊक नसते. काटा १०० दाखवत असताना गाडी पूर्वीच्या मानाने ५ टक्के अधिक पळत असते. किलोमीटरचा आकडाही मागे पडतो. गाडीने १०,००० किलोमीटर दाखवले, तेव्हा ती प्रत्यक्षात साडेदहा हजार चाललेली असते. तेल बदलायला उशीर होतो, तो असा नकळत.

दुसरी गोष्ट ओढीची. इंजिनाचा जोर तोच, पण चाकाचा हात लांब झाला. त्यामुळे रस्त्यावर पोहोचणारी ओढ ५ टक्क्यांनी घटते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. घाटात मात्र जिथे तिसऱ्या गिअरवर काम भागत होते, तिथे दुसरा टाकावा लागतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. ब्रेकची तबकडी तेवढीच आणि चाक मोठे. पायाचा दाब तोच ठेवला, तर गाडीला रोखणारे बळ तितकेच कमी होते. त्यात खरबरीत नक्षीचा मोठा टायर मूळच्या टायरपेक्षा काही किलो जड असतो. हे जड चाक फिरवायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही.

बाबांनी इथे पेन्सिल खाली ठेवली. येत्या सुट्टीत सगळ्यांनी कोळ्ळिमलैला जायचे ठरले होते. त्या घाटात ७० आकडी वळणे आहेत. चढताना गाडी दमली तर थांबता येते; पण उतरताना मागच्या सीटवर आजी आणि नात असणार, तेव्हा ब्रेकच्या ५ टक्क्यांची किंमत काय, हे चिरंजीवांना वेगळे सांगावे लागले नाही.

यावर दुकानदार सुचवतात तो उपाय म्हणजे आणखी खर्च. मोठे चाक वळताना चिखलपट्टीला घासते, म्हणून गाडी दोन इंच उचलण्याचा संच. गाडी उचलली, की प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. शिवाय मागच्या दरवाजावर टांगलेली स्टेपनीही मोठी हवी, मग दरवाजाच्या बिजागऱ्यांवरचा भार वाढतो. आणि गाडीत चढताना आजींचा गुडघा आधीच कुरकुर करतो, त्याचे काय, हा सूनबाईंचा प्रश्न होताच.

चारही चाके सारखी का?

फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीला एक पथ्य जास्तीचे असते. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांमध्ये फोर व्हील ड्राइव्ह जोडली, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी बांधला जातो. दोघांना सारख्याच फेऱ्या माराव्या लागतात. पुढची टायरे नवी आणि मागची झिजलेली असली, तर त्यांचे परीघ वेगळे पडतात. मग एका जोडीला जास्त अंतर कापायचे असते, दुसरीला कमी. चिखलात आणि वाळूत चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ते घसरू शकत नाही आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसच्या दातांवर येतो.

बाबांना हे पटवून द्यावे लागले नाही. रेल्वेच्या डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे असते. एकाच आसावरच्या दोन चाकांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, एका बोगीत ५ मिलिमीटर, तर संपूर्ण डब्यात १३ मिलिमीटर, असा त्या जगाचा दंडक. "लोखंडाच्या चाकाला एवढी शिस्त आहे," ते म्हणाले, "तर रबराला थोडी तरी हवी की नाही?"

म्हणून अशा गाडीला चारही टायरे एकाच मापाची, एकाच बनावटीची आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेली असावीत. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला ती पुढची मागे, मागची पुढे अशी फिरवावीत. स्टेपनीलाही या फेऱ्यात घ्यावे. नाहीतर पाच वर्षांनी पंक्चर झाल्यावर करकरीत नवी स्टेपनी बाहेर निघते आणि तिची उंची उरलेल्या तिघींशी जुळत नाही. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह लावून गाडी पळवू नये, हे तर आहेच.

रिम मोठी की भिंत मोठी?

आता मौज पाहा. चेन्नईजवळ चेंगलपट्टूकडे महिंद्र वर्ल्ड सिटी आहे. तिथल्या रिसर्च व्हॅलीत थारवर अभियांत्रिकीचे काम झाले आणि नाशिकच्या कारखान्यात ती बनू लागली. २०२० मध्ये ती बाजारात आली, तेव्हा एकाच गाडीला दोन मापे दिलेली होती. वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ आणि साध्या प्रकाराला २४५/७५ आर १६. पहिल्याची उंची ७८९ मिलिमीटर, दुसऱ्याची ७७४. फरक दोन टक्क्यांचासुद्धा नाही. पण दुसऱ्यात रिम लहान आहे आणि रबराची भिंत जवळपास १८४ मिलिमीटर उंच आहे.

याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. उंच भिंतीचा टायर दगडधोंड्यांवर उशीसारखे काम करतो. खड्ड्यात रिम वाकण्याची भीती कमी. हवा कमी करून वाळूत चालवायचा, तर तो छान पसरतो. उलट मोठी रिम आणि बुटकी भिंत असली, तर मोठ्या रस्त्यावर वळणात गाडी आटोपशीर वाटते आणि दिसायलाही बरी. पण खड्ड्याचा दणका आजींच्या पाठीपर्यंत पोहोचतो. २०२४ मध्ये थार रॉक्स आली, तिच्यात २५५/६५ आर १८ आणि २५५/६० आर १९ अशी मापे आहेत. बेरीज केली तर दोन्ही ७८९ मिलिमीटरच भरतात. कारखान्याने रिम एक इंचाने वाढवली, पण बाहेरचा व्यास जागचा हलू दिला नाही.

यातूनच एक साधा नियम हाती लागतो. रिम बदला, रुंदी बदला, पण चाकाचा बाहेरचा व्यास मूळच्या मापापासून तीन टक्क्यांच्या आत ठेवा. ज्यांच्याकडे जिम्नी आहे, त्यांनाही हाच हिशेब करता येईल. तिचा मूळ टायर १९५/८० आर १५, उंची ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घातला, तर व्यास दीड टक्क्याने वाढतो. २३५/७५ आर १५ घातला, तर सहा टक्क्यांच्या जवळ जातो.

रुंद टायर नेहमीच सरस, हाही एक समज. जुन्या जीपचा टायर ६.०० - १६ मापाचा, म्हणजे अवघा सहा इंच रुंद होता. पातळ चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचायला तो अरुंद टायरच बरा पडे. वाळूत मात्र रुंद टायर तरंगतो. पण चेन्नईच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी घालण्याची हौस धरू नये. दरवर्षी जानेवारीपासून ऑलिव्ह रिडले कासवे त्याच वाळूत अंडी घालायला येतात.

नक्षीचेही तसेच. निव्वळ चिखलासाठी केलेल्या टायरच्या खाचा रुंद असतात, त्यामुळे ओल्या डांबरावर रबर कमी टेकते. तो गुणगुणतो, थांबायला अंतर जास्त घेतो. ज्यांची गाडी दहातले नऊ दिवस ऑफिस, शाळा आणि भाजीबाजार करते, त्यांना सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी असलेला 'ऑल टेरेन' टायर पुरेसा आहे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच गोष्ट स्पष्ट केली. कारखान्याने त्या मॉडेलसाठी जी मापे मान्य केली आहेत, त्यांत राहिले तर चिंता नसते. त्याबाहेर गेल्यास वॉरंटी, विम्याचा दावा आणि वाहतूक पोलीस या तिन्ही ठिकाणी उत्तरे देत बसावे लागते. अपघात झाला, तर ही उत्तरे फार महाग पडतात.

दुकानात जाताना

चेन्नई हे एका अर्थाने टायरांचेच शहर. के. एम. मम्मन माप्पिळै यांनी १९४६ मध्ये तिरुवोट्टियूरच्या एका शेडमध्ये खेळण्यांचे फुगे बनवायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे मद्रास रबर फॅक्टरी म्हणजे एमआरएफ उभी राहिली. आज शहराच्या आसपास ओरगडम, श्रीपेरुंबुदूर, तेरवाय कंडिगै इथे टायरचे मोठे कारखाने आहेत. तेव्हा निवडीला तोटा नाही. फक्त काही गोष्टी पाहून घ्याव्यात.

मापाच्या पुढे भाराचा अंक असतो. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १११ म्हणजे १०९० किलो. हा अंक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. त्यानंतरचे अक्षर वेगाचे. 'क्यू' म्हणजे ताशी १६०, 'एस' म्हणजे १८०, 'टी' म्हणजे १९० किलोमीटर.

बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३२४ याचा अर्थ २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला, तरी तो घेऊ नये.

रिम बदलायची झाल्यास नटांची संख्या आणि अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट ही तिन्ही मापे जुळायला हवीत. ऑफसेट चुकला, की चाक बाहेर डोकावते. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण येतो आणि शेजारच्या गाडीवर चिखल उडतो.

आणि शेवटी हवा. चेन्नईच्या उन्हाळ्यात कमी हवेचा टायर सतत दबून तापतो आणि भर वेगात फुटतो. हवेचे प्रमाण दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत दिलेले असते. ते सकाळी, टायर थंड असताना तपासावे. वाटेत टायर तापून दाब वाढला, म्हणून हवा काढून टाकू नये. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलायलाच हवा, हा कायदाही आहे. गोटा झालेला टायर पावसात पाण्यावरून घसरतो, मग त्याचे माप कोणतेही असो.

त्या वेलाचेरीच्या घरात शेवटी काय ठरले? मूळ मापाचीच पाच ऑल टेरेन टायरे घ्यायची. रिम्स जुन्याच राहिल्या. वाचलेल्या पैशांतून नातीसाठी गाडीत बांधायची खुर्ची आली आणि आजींसाठी दाराखाली पाय ठेवायला पायरी बसवली.

पुराचा प्रश्न मात्र उरलाच होता. त्याचे उत्तर वेलाचेरीच्या लोकांनीच काढून ठेवले आहे. मुसळधार पावसाचा इशारा आला, की माणसे आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने लावतात. चिरंजीवांनीही तसे करायचे ठरवले. घरात कुणाचे दिवस भरलेले असतील किंवा कुणी आजारी असेल, तर पाणी चढण्याआधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे जायचे, हेही ठरले.

कोळ्ळिमलैला निघायच्या दिवशी पहाटे सूनबाई डबे भरत होत्या. बाबा खाली गेले होते. परत आले तेव्हा हातात हवा मोजायचे घड्याळ होते.

"पाचही बघितली का, बाबा?" चिरंजीवांनी विचारले.

"पाचही," बाबा म्हणाले, "आता आजीला हात दे."